बैठकीतली तापघंटी

आप्पाने मुंबईहून आणलेलं खोकं पाहिलं तेव्हा छबूबाईला वाटलं, आईचं तेल आलं. बनुबाईचं अर्धं अंग गेलेलं होतं, चोळायचं तेल संपत आलं होतं आणि आप्पा निघताना तिने भावाला त्याची दोनदा आठवण करून दिली होती. खोक्यातून निघाली आमटीच्या वाटीएवढी उपडी पितळी डबी, तिला जोडलेली वायर आणि एक घंटी.

"हे काय रे आप्पा?"

"तापघंटी. घरात कुठं आग धुमसायला लागली, की जाळ दिसायच्या आधी ही वाजते. धुराशी हिचं देणंघेणं नाही, नुसत्या उष्णतेवर चालते. मुंबईत ज्या शेठजींकडे उतरलो होतो, त्यांच्याकडे आहे. आक्का, अख्ख्या श्रीरामपुरात दुसरी नसेल."

शेवटचं वाक्य म्हणताना त्याचा चेहरा जो फुलला, त्यावरून छबूबाईला सगळं कळलं. तेल राहिलं ते राहिलंच.

आप्पा म्हणजे बाजारपेठेतले आप्पासाहेब, सरकीचे व्यापारी. बाहेर लोक त्यांना नमस्कार करत. छबूबाई त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली ती आईच्या सेवेला जुंपली गेली. भावाच्या घरात राहणाऱ्या विधवेने किती बोलायचं याचं माप ठरलेलं असतं आणि ते माप ती रोज थोडं ओलांडत असे.

घराची मांडणी आप्पाच्या स्वभावासारखीच होती. पुढे बैठक, तिथे सोफा, गालिचा, काचेच्या कपाटात कधीही न वापरलेल्या कपबश्या. मागे दोन खोल्या. एकीत छतापर्यंत सरकीची पोती, भाव चढेपर्यंत दाबून ठेवलेली. तिच्या भिंतीला लागून दुसरी, तिच्यात बनुबाईची बाज. पाहुण्यांना तेलाचा वास येतो म्हणून म्हातारी मागे. गेल्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या एका जिनिंगमध्ये सरकीचा ढीग आतल्या आत तापून पेटला, तेव्हापासून छबूबाईचा एकच धोशा होता : पोती तरी हलव, नाहीतर आईला तरी. आप्पाने दोन्ही केलं नाही. त्याने डबी आणली.

बसवायला लालमहंमद वायरमन आला. हा माणूस वेळेवर कधी येत नसे आणि आल्यावर चहा घेतल्याशिवाय शिडीला हात लावत नसे, पण बोलायला कुणाच्या बापाला भीत नसे.

"सरकीच्या खोलीत लावतो, वर छताला," तो म्हणाला.

"तिथं नको. इथं लाव, सोफ्याच्या वर."

लालमहंमदने सोफ्याकडे पाहिलं. "सोफा पेटणार आहे का, शेठ?"

"तू लाव रे."

"अहो, ही ज्या खोलीत असते तिथलाच ताप ओळखते. आत दोन धातूंची पट्टी आहे. तापली की वाकते, वाकली की टेकते, टेकली की घंटी. भिंतीपलीकडचं तिला काय कळणार? ती काय पोलीस पाटील आहे?"

"मागं आग लागली तर धग इथवर येईलच की."

"येईल ना. तोवर मागं राख झालेली असेल."

"मागं आई हाय, आप्पा," छबूबाई दारातून म्हणाली.

"आक्का, तू मध्ये पडू नको. त्या अंधारात लावली तर बघणार कोण?"

"बघायची हाय का ऐकायची?"

आप्पाने लालमहंमदला बोटाने जागा दाखवली. घंटी सोफ्याच्या वर भिंतीवर बसली. लालमहंमदने शिडीवरूनच बजावलं : हिला रंग नको, चुना नको, तेलकट हात नको. महिन्यातून एकदा कोरड्या कुंचल्याने धूळ झाडायची आणि उकळत्या पाण्यातून पिळलेलं फडकं लावून वाजते का बघायचं. आतले दोन सेल दिवाळीला आणि आखाजीला बदलायचे. तंबाखू सोडा म्हणणाऱ्या डॉक्टरला माणूस जशी मान डोलावतो, तशी आप्पाने डोलावली.

मग खेळ सुरू झाला. पाहुणा आला, की चहा, चिवडा आणि तापघंटी. आप्पा स्टुलावर चढायचा, बशीत कापराची वडी पेटवून डबीखाली धरायचा, घंटी खणखणायची, पाहुणा दचकायचा आणि आप्पा आपणच ती जन्माला घातल्यासारखा खाली उतरायचा. फडकं, कुंचला हे शब्द त्या घरात पुन्हा कुणी उच्चारले नाहीत. डबीवर काजळी चढत गेली.

खंडेनवमीला आप्पाने तराजू, वजनं, पोती शिवायच्या सुया मांडल्या आणि डबीलाही गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. आरतीचं तबक ओवाळताना ज्योत डबीखाली आली आणि घंटी आपोआप वाजली. जमलेल्या बायकांनी हात जोडले. एकीने तर डोळे मिटून गालावर मारून घेतलं. तेव्हापासून गल्लीतल्या बायका मंगळवारी आरती घेऊन येऊ लागल्या आणि आप्पा त्यांना येऊ देऊ लागला.

शेजारचा मच्छिंद्र शिंपी मशीन थांबवून विचारायचा, "आक्का, आज देव पावला का?"

"पावला की. कापराचा खर्च वाढला."

"नवसाला पण पावतो म्हन्तात."

"मग तू बोल की नवस. तुज्या मशीनला गिऱ्हाईक मिळू दे म्हनावं."

दिवाळीला घराला चुना द्यायला माणूस आला. त्याने विचारलं, "ही डबी काढून ठेवू का?" आप्पा म्हणाला, "मुहूर्तावर बसवलीय, हलवू नको." त्याने हलवली नाही. भिंतीबरोबर तिच्यावरही चुन्याचे दोन हात फिरवले. आप्पाला ते आवडलं. आता ती घराचीच वाटते, म्हणाला. डिसेंबरात लढाई लागली. बातम्यांच्या ऐन वेळी ट्रान्झिस्टर बंद पडला, तेव्हा आप्पाने स्टुलावर चढून घंटीचे दोन्ही सेल काढले आणि ट्रान्झिस्टरमध्ये घातले. लढाई संपली. सेल तिथेच राहिले; लढाईच्या दिवसांत मंगळवारच्या आरत्याही बंद पडल्या होत्या, त्यामुळे कुणी विचारलंही नाही.

छबूबाई हे सगळं पाहत होती. एकदा तिने म्हटलं, "सेल घाल की परत." आप्पा म्हणाला, "आणतो." ती पुढे बोलली नाही. ज्या डबीला ती जुमानतच नव्हती, तिच्या सेलांसाठी भांडायचं म्हणजे तिला मानल्यासारखं झालं असतं.

पौषात अवकाळी पाऊस आला. त्याच दिवशी सरकीचा ट्रक आला, आणि ताडपत्री फाटकी होती. ओली पोती आप्पाने तशीच आत रचून घेतली. दोन-चार दिवसांत त्या खोलीतून खवट, जड वास येऊ लागला. छबूबाईने मधल्या एका पोत्याच्या तोंडातून कोपरापर्यंत हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. झाकण ठेवलेल्या भातात हात घातल्यासारखं झालं होतं.

ती आप्पाला ओढतच घेऊन आली. तो उंबऱ्यावर उभा राहिला. सदऱ्याला नुकती इस्त्री केलेली होती.

"हात घालून बघ."

"घंटी वाजली का?" आप्पाने विचारलं.

"ती तिकडं बैठकीत हाय."

"पण वाजली का?"

"न्हाई."

"मग? अगं, यंत्राला जे कळत नाही ते तुझ्या हाताला कळतंय होय? चांगल्या शिकल्यासवरलेल्या लोकांनी बनवलंय ते. आणि उद्या खर्ड्याचे पाहुणे यायचेत, आजच पोती उपसून घरभर घाण करू नको."

छबूबाईने हात पदराला पुसला. भावाकडे तिने असं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर त्याने तो सदरा काढून पोत्यात हात घातला असता. आप्पा बैठकीत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी खर्ड्याचे आबासाहेब आले; त्यांच्या मुलासाठी आप्पाची मुलगी सांगून आली होती, तिला बघायला. बैठकीत आवाज चढले, हसणं सुरू झालं. छबूबाई मागे आईला भरवत होती. बनुबाईचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं, पण जीभ चालत होती.

"छबे," ती म्हणाली, "ही भित लई ग्वाड लागती बघ पाठीला. थंडी पळाली पार. आप्पाने काय केलं गं भितीला?"

छबूबाईने भिंतीला तळहात लावला आणि वाटी तशीच खाली ठेवून उठली.

ती परसदाराने शेजारी गेली. "मच्छिंद्रा, मशीन सोड. आईची बाज उचलायचीय. बैठकीत न्यायची."

"बैठकीत? पाहुनं हायेत की तिथं."

"म्हनून तर."

"आप्पासाहेब तुमाला घरातनं काढतील, आक्का."

हे तिला माहीत होतं. सासरी कुणी उरलं नव्हतं आणि लुगड्याचं गाठोडं घेऊन जावं असं एकही दार गावात नव्हतं. "काढू दे," ती म्हणाली. "आधी आई निघू दे."

बैठकीत आप्पा स्टुलावर उभा होता. बशीतला कापूर जळत होता. आबासाहेब मान वर करून वाट पाहत होते. घंटी गप्प होती.

"थंडी आहे ना," आप्पा म्हणाला. "जरा वेळ लागतो." त्याने दुसरी वडी टाकली. पांढऱ्या डबीवर काळा डाग पडला, एवढंच झालं.

"थंडीत आग लागली तर लोकांनी थांबायचं का?" आबासाहेबांनी अगदी साधेपणाने विचारलं.

तेवढ्यात पडदा सरला आणि बाज आत आली. एका टोकाला मच्छिंद्र, दुसऱ्या टोकाला छबूबाई, मध्ये गोधडीत बनुबाई. गालिच्यावरून, कपबश्यांच्या कपाटाला धक्का देत ती बाज सोफ्यासमोर टेकली.

"आक्का!" आप्पा ओरडला. "हे काय चालवलंय?"

"तूच म्हनालास, घंटी वाजत न्हाई तवर भ्या न्हाई. घंटी हितं हाय. आई पण आता हितंच ऱ्हाईल, घंटीखाली."

आबासाहेब उठून उभे राहिले. "ह्या कोण?"

"त्या... त्या आमच्या..."

"मी ह्याची आई," बनुबाई म्हणाली. "बसा, बसा. च्या घेतला का?"

"पण तुमच्या आई राजूरला लेकीकडे असतात ना, आप्पासाहेब? मघाशीच म्हणालात."

आप्पा स्टुलावरच होता. खाली उतरावं की वरच राहावं हे त्याला ठरवता येईना. बशीतला कापूर विझत आला होता.

"वास कसला येतोय?" आबासाहेबांनी नाक वर केलं. ते शेतकरी माणूस, तो वास त्यांना ओळखीचा. ते सरळ मागे गेले. मच्छिंद्र त्यांच्या मागे धावला. त्यांनी वरची पोती ओढून काढली, मधलं एक खेचलं आणि ते फाटलं. आतली सरकी कोळशासारखी काळी झाली होती. वारा लागताच तिने धूर सोडला आणि परसात ओढून नेईपर्यंत तिला जाळ फुटला. गल्ली गोळा झाली. कुणी माती टाकली, कुणी बादल्या आणल्या. छबूबाईने पदर खोचून पोती ओढली, भावजयीने भज्यांची कढई उतरवून पाणी भरलं. दोन खोल्यांमधल्या भिंतीचं सरकीकडचं लाकडी फळकूट काळं पडून तडकलं होतं, आणि पलीकडून बाज रोज तिथेच टेकलेली असे.

बैठकीत घंटी एकदाही वाजली नाही.

सगळं शांत झाल्यावर आबासाहेब हात धुऊन आले. बनुबाईच्या पाया पडले. आप्पाला म्हणाले, "मुलीचं मागाहून कळवतो." त्यात होकार होता की नकार, ते कुणालाच कळलं नाही. आप्पा तेव्हाही बशी हातात धरून उभा होता. तिच्यात आता नुसती काजळी होती.

बनुबाई वर बघत होती. "आप्पा, ती वाजत न्हाई का रं?"

"नाही आई."

"मग खाली घे की. लोनच्याच्या बरनीला झाकन व्हईल."

मच्छिंद्र आधी हसला. मग छबूबाई. आप्पाने स्टूल उचललं आणि आत गेला.

घरातून काढायची भाषा त्याने केली नाही. गल्लीने सगळं पाहिलं होतं, आणि आप्पा आयुष्यभर जे काही वागला ते गल्ली बघतेय म्हणूनच वागला होता. चौथ्या दिवशी मात्र तो बाजेपाशी घुटमळला. बैठकीत आता तेलाचा वास होता आणि सोफ्यावर वाळलेल्या गोधड्या.

"आक्का, सरकी गेली सगळी. आता आईला मागं न्यायला हरकत नाही ना?"

"नवी सरकी कवा येनार?"

"येईल की, महिनाभरात."

"मग ती डबी तिकडं लाव. ती तिकडं नीट वाजाया लागली, की नेऊ आईला."

लालमहंमद आला, चहा प्याला, डबीवरचा चुना खरवडताना आप्पासमोरच चार शिव्या चुन्याला दिल्या, नवे सेल घातले आणि ती मागच्या खोलीच्या छताला बसवली, जिथे ती कुणालाच दिसत नाही. तेव्हापासून आप्पा दर महिन्याला इस्त्रीचा सदरा काढून, बनियनवर, स्टुलावर चढतो. कोरड्या कुंचल्याने धूळ झाडतो. उकळत्या पाण्यातलं फडकं पिळताना बोटं भाजून घेतो आणि डबीला लावतो. घंटी खणखणते.

"आक्का, वाजली!" तो मागून ओरडतो.

बैठकीत सोफ्याला टेकून छबूबाई आईचे पाय चोळत असते. "ऐकलं," ती म्हणते. "पुढच्या महिन्यात परत बघ."