मशीनच्या पुस्तकातलं इंग्रजी

मिस्त्रींचं इंग्रजी ऐकून मी कपाळाला हात लावला. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला, आणि मशीनबरोबर येणारी माहितीपुस्तकं वाचून जमेल तेवढं इंग्रजी त्यांनी उचललेलं. त्यामुळे बोलले की एकतर हुकूम, नाहीतर इशारा. थांबा, फिरवा, हात लावू नका. यापुढे गाडी जाईना.

"बाई, आठ दिवसांत बोलता आलं पाहिजे," ते म्हणाले. "नातीशी."

नात सात वर्षांची, परदेशात वाढलेली, मराठी न येणारी. सुट्टीला आईबापांबरोबर आली आणि आईच इस्पितळात दाखल झाली. जावई तिच्या उशाशी बसून. पोरगी तीन दिवस कोणाशी चकार शब्द बोलली नव्हती.

एकोणतीस वर्षं इंग्रजी शिकवतेय मी, पण मी काही जादूगार नाही. तसं सुनावलंही. तरी दोन दिवस त्यांच्याकडून लाडाची, धीराची वाक्यं घोकून घेतली. एक डोक्यात टिकेल तर शपथ! शेवटी म्हटलं, चला, मीच बोलते तिच्याशी.

दुकान म्हणजे एक खोली, तेलाच्या वासाची. पोरगी स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून. मी ठेवणीतलं इंग्रजी काढलं, आवाज मऊ केला. तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. मला रागच आला, खोटं कशाला सांगू.

मिस्त्रींनी एका मशीनखाली चिंधी सरकवली. स्वतःशी पुटपुटावं तसं म्हणाले, "लोअर द नीडल." सुई खाली आणली. "टर्न व्हील स्लोली."

पोरीनं मान वळवली. मग उठून जवळ आली आणि चिंधी घट्ट धरली.

"डू नॉट पुल," ते हळूच म्हणाले. "मशीन विल मूव्ह द क्लॉथ."

ओढू नकोस, कापड मशीनच नेईल. तिनं बोटं सैल केली. कापड आपसूक पुढं सरकलं, आणि तिचे डोळे केवढे मोठे झाले! ज्याला मी भाषा म्हणायला तयार नव्हते, त्यात एवढी माया मावत होती. माझ्या सगळ्या वर्षांत असं इंग्रजी मी ऐकलं नव्हतं.

तासाभरानं जावयाचा फोन आला, कपडे हवे होते. मिस्त्रींनी पिशवी भरली, चपला घातल्या. "बाई, जरा बसाल का हिच्याजवळ? हा आलोच."

पोरीनं चाक थांबवलं. त्यांच्याच ठाम, सावकाश सुरात म्हणाली, "डू नॉट गो."

मी अर्थ सांगायला पुढं झाले, पण मिस्त्रींनी चपला काढल्याही होत्या.

"पिशवी तेवढी तुम्ही पोचवा बाई," ते म्हणाले, आणि तिच्या शेजारी बसले.