गोळा होण्याचा ठेका

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. हे सांगितल्याशिवाय तुम्हाला ओळखू यायचे नाही, कारण माझ्या दोन्ही तोंडांना कातडे नाही आणि पोटात या घरातल्या सुगंधाबाईंच्या दोन गोधड्या कोंबलेल्या आहेत. औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला, मला शेवटचे वाजवणाऱ्याच्या मुलाच्या, रामेश्वरच्या घरी, पत्र्याखालच्या माळ्यावर मी पडून असतो. उन्हाळ्यात पत्रा तापतो तसा मीही तापतो, थंडीत गार पडतो. बरे वाटते की वाईट, ते मात्र कळत नाही. ढोलाला जे काही कळते ते कातड्यामुळे. कातडे गेले की उरते ते नुसते पितळ.

माझा जन्म इथला नाही. समुद्रापलीकडे फ्रान्स नावाचा देश आहे. तिथल्या एका कारखान्यात, दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी, पितळेचा पत्रा वाकवून आणि डाख देऊन मला घडवले. वर-खाली लाकडी कड्या, त्यांना निळा रंग, आवळायला दोऱ्या आणि तोंडाला वासराचे कातडे. तेव्हा तिथे नेपोलियनचा अंमल होता आणि त्याच्या सैन्याला माझ्यासारखे ढोल हजारांनी लागत. तोंडाने दिलेला हुकूम लढाईच्या गोंगाटात चार हातांवर विरून जातो, म्हणून हुकूम ढोलावर देत. चालायचा ठेका वेगळा, हल्ल्याचा वेगळा. माझा सगळ्यात जास्त वाजलेला ठेका होता गोळा होण्याचा. तो ऐकला की पांगलेल्या माणसांनी जिथे असतील तिथून धावत येऊन रांगेत उभे राहायचे.

मी पायदळाच्या एका डिव्हिजनमध्ये होतो. डिव्हिजन म्हणजे चार-पाच पलटणी, त्यांच्या तोफा, त्यांचे भटारी, त्यांचे वैद्य. नऊ हजार माणसांचे चालते गावच म्हणा ना. मला खांद्याला अडकवणाऱ्याचे नाव बास्तियाँ. सुताराच्या घरचा, हाताने पक्का आणि तोंडाने फटकळ. दोन वर्षे आम्ही समुद्रकाठी छावणीत कवायत केली. इंग्लंडवर जायचे होते, गेलो नाही. मग १८०५ साली हुकूम फिरला आणि डिव्हिजन पूर्वेला चालू लागली. बुटांचे तळ गेले तरी चालत होती.

पहिली मोठी लढाई डिसेंबरातली. सकाळी दाट धुके होते. माणसांना दारूचा जादा वाटा मिळाला, तेव्हाच जुन्या शिपायांनी ओळखले की आज गाठ पडणार. बास्तियाँने माझ्यावर गोळा होण्याचा ठेका धरला आणि धुक्यातून माणसे आली. कुणी गुंड्या लावत, कुणी तोंडातला पाव चावत. आम्ही टेकडी चढलो आणि जिंकलो. संध्याकाळी पुन्हा तोच ठेका वाजला, तेव्हा आठशे माणसे आली नाहीत. त्या वेळी मला वाईट वाटले होते. कातडे नवे होते माझे.

पुढे सवय झाली. प्रशियात जिंकलो, पोलंडच्या बर्फात ना जिंकलो ना हरलो. कातडी फाटत गेली, बास्तियाँ मिळेल ते चढवत गेला. कधी वासराचे, कधी गाढवाचे. डिव्हिजनचेही तसेच. माणसे संपत, नवी भरती येई, नंबर मात्र तोच राही. सात वर्षांनी रशियाची नदी ओलांडली तेव्हा आम्ही तेरा हजार होतो आणि पहिल्या छावणीतली माणसे त्यात शोधावी लागत होती.

रशियातून परत येतानाचे मी थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखे फारसे आठवत नाही. थंडी होती. एका नदीवरचे पूल कसेबसे ओलांडल्यावर बास्तियाँला हुकूम झाला, गोळा कर. त्याने बोटांना चिंध्या गुंडाळून ठेका धरला आणि बराच वेळ वाजवत राहिला. चारशेच्या आसपास माणसे आली. काही आमची नव्हतीच. ढोल ऐकून आली होती. दोन दिवसांनी त्यांनी माझे कातडे काढले, उकळले आणि खाल्ले. बास्तियाँनेही खाल्ले. मी त्याला दोष देत नाही. माझे बधिर होणे तिथून सुरू झाले एवढेच.

डिव्हिजन पुन्हा उभी राहिली, पुन्हा मोडली आणि १८१५ साली कायमची मोडली. हजेरी घ्यायलाच कुणी उरले नव्हते, म्हणून बास्तियाँ मला घरी घेऊन आला. नव्या राज्यात जुन्या शिपायांना कुणी दारात उभे करीना. दहा-बारा वर्षे त्याने खुर्च्या दुरुस्त केल्या. मग कुणीतरी त्याला सांगितले की हिंदुस्थानात निजामाच्या फौजेत फ्रेंच माणसांना मोठा मान आहे. बोलणारा माणूस म्हातारा होता आणि बातमी त्याच्याहून म्हातारी. आम्ही जहाजाने मुंबईला उतरून, घाट चढून औरंगाबादच्या छावणीपर्यंत पोचलो, तेव्हा कळले की त्या फ्रेंच पलटणी तीस वर्षांपूर्वीच मोडल्या. छावणीत इंग्रज साहेब होते. त्यांनी फाटकातूनच वाट दाखवली.

शहराबाहेर हर्सूलच्या माळावर तापाने फणफणलेला बास्तियाँ रामकिसन नावाच्या मेंढपाळाला सापडला. रामकिसनने त्याला वाड्यावर नेले. धनगराचा वाडा म्हणजे उघड्यावरचे बिऱ्हाड. मेंढ्यांभोवती वाघरीचे जाळे आणि शेजारी तीन दगडांची चूल. ताप उतरला, पण बास्तियाँ गेला नाही. जायचे कुठे? त्याला सगळे बस्त्या म्हणू लागले. त्याने माझ्यावर मेंढीचे कातडे चढवले आणि एका संध्याकाळी, दुसरे काही येत नव्हते म्हणून, गोळा होण्याचा ठेका वाजवला. रामकिसन तेव्हा मेंढ्यांना मीठ चाटवत होता. दोन-चार दिवस असेच झाले आणि मेंढ्यांनी खूणगाठ बांधली: हा आवाज आला की मीठ मिळते. मग कितीही लांब चरत असल्या तरी त्या धावत येऊ लागल्या.

बास्तियाँ तिथेच वारला. ठेका त्या घरात राहिला. बापाने मुलाला शिकवायचा, मुलाने वाजवायचा. तो कुणी, कशासाठी बसवला होता हे विचारायचे कारण कुणाला पडले नाही. घराचा नेम एकच होता. ढोल वाजला की मीठ द्यायचेच. मूठभर का होईना, पण मेंढरांना फसवायचे नाही. मित्रांनो, डिव्हिजनमध्ये असा नेम नव्हता, म्हणून मला या घरात बरे वाटले. दीडशे वर्षे बरे वाटले.

सूर्यभान हा त्याच घरातला, पाचव्या-सहाव्या पिढीतला. बहात्तरच्या दुष्काळात तो चोवीस वर्षांचा होता. गावची माणसे खडी फोडायला जात होती, रेशनची लाल मिलो ज्वारी दळून खात होती. सूर्यभान आणि त्याची नवी नवरी सुगंधाबाई तीनशे मेंढरे घेऊन पाण्याच्या शोधात गोदाकाठाकडे चालत गेली. वाटेत झालेली कोकरे माझ्यावर टेकवून निजवीत, कारण उन्हाने माझे पितळ रात्री उशिरापर्यंत ऊबदार राही. अनोळखी मुलखात दुसऱ्यांच्या कळपात मिसळलेली मेंढरे मी एकेक करून परत बोलावली. परतलो तेव्हा दोनशे चाळीस जिवंत होती. त्या साली लोक म्हणाले, सूर्यभानची मेंढरे ढोलाने राखली. आयुष्यात माझी एवढीच स्तुती झाली आणि ती मला पटली होती.

मग शहर वाढू लागले. आधी हर्सूलच्या तुरुंगामागचा माळ गेला, मग तळ्याच्या वरच्या अंगाचा. जमिनीवर पांढऱ्या फक्कीच्या रेघा यायच्या, मग दगड, मग कुंपण. सूर्यभानची मेंढरे प्लॉटच्या खुणांमधून चरत आणि गवताबरोबर कॅरीबॅगही गिळत. नव्या कॉलनीतल्या एका गृहस्थांनी ढोलाच्या आवाजाबद्दल तक्रार केली. सूर्यभान त्यांच्याकडे हात जोडून गेला आणि तेव्हापासून मला हळू वाजवू लागला. दोनशेचे शंभर झाले, शंभराचे साठ. मुलगा रामेश्वर शेंद्र्याच्या एका कंपनीत लागला.

मग २०१३ चा उन्हाळा आला. हर्सूलचे तळे तळापर्यंत तडकले. माणसांना टँकर येत होता, मेंढरांना कोण विचारतो? सूर्यभानकडे अठ्ठावन्न राहिली होती. त्यांना वाचवायचे तर गोदाकाठाकडे न्यायला हवे होते आणि त्याचे गुडघे दहा पावलांत बसत होते. त्याने रामेश्वरला बोलावून घेतले.

"चार म्हैने ये," तो म्हणाला. "मला एकल्याला व्हत नाय आता. तू आला तर जगतेत, नाय तर नाय."

पुढच्या महिन्यात कंपनी रामेश्वरला परमनंट करणार होती. सहा वर्षे त्याने त्याचीच वाट पाहिली होती. आता रजा टाकली की नाव गळणार, हे त्याने बापाला समजावून सांगितले. मेंढरे इथे तडफडून मरण्यापेक्षा विकलेली बरी, असेही म्हणाला. सूर्यभान हो म्हणाला नाही आणि नाही म्हणाला नाही. दोघांचेही खरे होते. मला विचाराल तर अशा वेळी कुणीतरी खोटे असलेले बरे असते.

आठ दिवसांनी दुपारच्या उन्हात रामेश्वर टेम्पो घेऊन आला. बरोबर खाटकाची दोन माणसे होती. मेंढरे माळावर चरायला सुटली होती. संध्याकाळपर्यंत थांबा, ती आपसूक वाघरीत येतील, असे सुगंधाबाईंनी सांगितले. पण टेम्पोवाल्याला दुसरी फेरी होती. ती माणसे दोर घेऊन धावली आणि कळप प्लॉटच्या दगडांमधून चौखूर उधळला. एक गाभण मेंढी खड्ड्यात पडली आणि तिचा पाय मोडला. ती ओरडत राहिली. माणसे दुसरीच्या मागे लागली.

रामेश्वर बापाजवळ आला. त्याचे डोळे भरले होते. "आबा, ठेका वाजवा. अशानं समद्यांचे पाय मोडतेन."

"नका वाजवू," सुगंधाबाई म्हणाल्या. "आवं, मीठ घ्यायला येतेत ती."

सूर्यभान त्या लंगड्या मेंढीकडे बघत होता. मग त्याने माझा पट्टा खांद्यावर घेतला. "मंग मीठ आण," तो म्हणाला.

त्याने वाजवले. हळू नाही, पूर्वीसारखे खणखणीत वाजवले. मित्रांनो, मी तेव्हा जुना झालो होतो, तरी ते कातडे त्याच्याच कळपातल्या मेंढीचे होते आणि मला सगळे कळत होते. मेंढरे थांबली. त्यांनी कान वळवले आणि टेम्पोच्या बाजूने, दोरवाल्या माणसांच्या मधून, आमच्याकडे धावत आली. मोडल्या पायाची तीन पायांवर आली. सुगंधाबाई पदरातले मीठ दोन्ही हातांनी पुढे करत होत्या आणि एकेक मेंढी मीठ चाटून झाली की रामेश्वर तिला उचलून टेम्पोत चढवत होता. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न आली. दोनशे वर्षे मी हा ठेका वाजवला, पण एरवी कुणी ना कुणी मागे राहायचेच. हाक मारली आणि सगळेच्या सगळे आले, असे तेवढ्या एकाच दिवशी घडले.

टेम्पो गेल्यावर सूर्यभानने लोकर कापायची कातर घेतली आणि माझे कातडे उभे चिरले. मग मला उलटे करून दुसऱ्या बाजूचेही चिरले. रागाने नाही, सावकाश, लोकर कापतात तसे. तेव्हापासून मला काही वाटत नाही.

रामेश्वर परमनंट झाला. त्याने आईबापांना शेंद्र्याला आणले. तो चांगला मुलगा आहे, सूर्यभानला गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेतो. त्या दिवसाबद्दल या घरात कुणी बोलत नाही. पण रामेश्वरच्या मनाला ती गोष्ट लागून राहिली असावी, कारण गेल्या महिन्यात त्याने शहरातून माझ्या मापाची, कातड्याऐवजी चढवायची दोन फायबरची पाने आणि नवी दोरी आणली. मला माळ्यावरून खाली काढले, चिंचेने घासले, पितळ उजळले. त्याची मुलगी सृष्टी दोरी ओढायला बसली. आबांच्या हातात काड्या देऊन रामेश्वर म्हणाला, "जत्रा जवळ आली, आबा. वाजवा की येकदा."

सूर्यभानने काड्या मांडीवर ठेवल्या. समोरच्या रस्त्यावरून कंपनीच्या बसेस दुसऱ्या पाळीची माणसे घेऊन जात होत्या.

"कुणाला बोलवायचं हाय?" त्याने विचारले.

रामेश्वरने दोरी सोडली आणि पाने पुन्हा पिशवीत भरली. सुगंधाबाईंनी माझ्यात गोधड्या कोंबल्या आणि मला वर ठेवले.

मित्रांनो, जुन्या वस्तूने शेवटी मुलांना सांगायचे असते की मला जपा, मला विसरू नका. तुम्ही मला विसरलात तरी चालेल. धूळ पुसलीत तर उपकार होतील, नाही पुसलीत तरी मला कळणार नाही. मागणे एकच आहे: माझ्यावर कातडे चढवू नका. माझ्या हाकेला हजारो माणसे आली आणि अठ्ठावन्न मेंढरे आली. कशाला बोलावता, असे एकानेही विचारले नाही. येणारा ते विचारत नाही. तो आपला धावत येतो.