शेवटाकडून सुरुवातीकडे

माझी थोरली बहीण छापखान्यात प्रुफं तपासते. तिथे तिला सगळे भिंगताई म्हणतात, कारण तिच्या नजरेतून चूक सुटत नाही. पण वर्षभर तिच्याच पोटात कुठेतरी थेंबथेंब रक्त गळत होतं आणि ते कुणालाच सापडत नव्हतं. चेहरा कागदासारखा पांढरा पडलेला. दर महिन्याला रक्ताची बाटली. तोंडातून नळी घालून जठर पाहिलं, खालून घालून मोठं आतडं पाहिलं, दोन्ही स्वच्छ. राहिलं मधलं लहान आतडं, चांगलं वीस फूट लांब आणि वेटोळं घालून बसलेलं.

मग डॉक्टरीणबाईंनी तिला कॅमेऱ्याची गोळी गिळायला दिली. गोळीत दिवाही असतो. आतड्यातून सरकताना ती सेकंदाला दोन-तीन फोटो काढते आणि कमरेच्या पट्ट्यातल्या डबीकडे पाठवते. दिवसभरात पन्नास हजार फोटो जमले. बाईंनी ते दोनदा पाहिले. हाती काही लागलं नाही. सोमवारी पोट उघडून शोधायचं ठरलं, आणि तरी सापडेलच याची खात्री नव्हती.

शुक्रवारी आम्ही संमतीची सही करायला गेलो. ताईने पेन उचललं आणि परत ठेवलं. फोटो कसे पाहिले, असं तिने विचारलं. बाई म्हणाल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओळीने.

"मग दोन्ही वेळा डोळा एकाच जागी घसरला असणार," ताई म्हणाली. मी तिला कोपराने ढोसलं, पण ती कसली ऐकते! "सरळ वाचताना पुढे काय येणार ते डोळा आधीच धरून चालतो. आम्ही तिसरं वाचन शेवटच्या ओळीपासून वर करतो. तुम्ही एकदा उलटं पाहा ना."

आता या आपल्याला बाहेर काढणार, असं मला वाटलं. पण बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि फोटो उलटे सोडले. ओला गुलाबी बोगदा मागे मागे सरकू लागला. पाऊण तास झाला. माझ्या पायाला मुंग्या आल्या, तरी जागचं हलवेना. एकदम बाईंचा हात थांबला. त्या एकेक फोटो मागेपुढे करू लागल्या.

एका घडीच्या आडोशाला, फक्त दोन फोटोंत, लालभडक ठिपका होता. कोळ्याच्या पायांसारख्या बारीक रक्तवाहिन्या, आणि शेजारी ताजं रक्त.

"ही बघा तुमची चूक," बाई म्हणाल्या.

"माझी कशी? छापणाऱ्याची," ताई म्हणाली आणि डोळे पुसू लागली.

सोमवारी पोट उघडलं नाही. तोंडातून लांब नळी घातली. तिच्या टोकाला फुगा असतो; तो फुगवून, सोडून, पडदा सळईवर गोळा करावा तसं आतडं नळीवर गोळा करत बाई ठिपक्यापर्यंत पोचल्या आणि उष्णतेने तो जाळून बंद केला. दीड तासाने परिचारिका बाहेर आली, तेव्हा मी तिला विचारायचंही विसरलो, तीच हसली.

तीन महिने झाले, बाटली लागलेली नाही. ठिपक्याचा फोटो ताईने मागून घेतला. तो तिच्या टेबलाच्या काचेखाली आहे, आणि ठिपक्यावर लाल पेन्सिलीने खूण केली आहे, मजकूर काढून टाकायची.