सातची गोळी

सरलाबाईंनी पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर उलटी केली. गोळ्यांची पाकिटं बाहेर पडली, निम्म्याहून अधिक भरलेली.

"बेन, हे काय? भाई दवा घेतच नाहीत?"

"घेतात ना, साहेब. तुम्ही लिहिली तशीच."

शेजारी त्यांचा नवरा उखा बसला होता. कतारगामच्या कापड कारखान्यात वीस वर्षं माग चालवलेला माणूस. पण आठ महिन्यांपासून त्याचं कशातच मन नव्हतं; धागा तुटलेला दिसला तरी माग थांबवत नव्हता. घरी पुढ्यात येईल ते मुकाट जेवत होता. शेठनं दिवाळीपर्यंत वाट बघतो, मग दुसरा माणूस ठेवतो, म्हटलं होतं.

चिठ्ठीवर तीन गोळ्या होत्या: नाश्त्यानंतर, दुपारी जेवल्यावर, रात्री झोपताना. उखा हुकमाचा पक्का. रातपाळीच्या आठवड्यात तो रात्री झोपत नसे, म्हणून ती गोळी घेत नसे. दुपारी झोपलेला असे, म्हणून ती राही. आणि नाश्ता हा प्रकार त्यांच्या कोसाडच्या खोलीत अजून पोचला नव्हता. एक आठवडा औषध, एक आठवडा उपास, असा नेम चालला होता.

हे सगळं सरलाबाईंकडून ऐकून डॉक्टरांनी चष्मा काढला.

"मग हे रोज नक्की जागे कधी असतात?"

शिकलेल्या माणसाला हा प्रश्न तिसऱ्या खेपेला सुचला, याचं सरलाबाईंना नवल वाटलं नाही.

"सकाळी सातला. पाळी तेव्हाच बदलते. एक आठवडा सातला कामावर चढतात, एक आठवडा सातला सुटतात. दत्तू त्यांचा जोडीदार, आमच्या गावचाच. माग एकमेकांच्या हाती देताना फाटकावर दोघं चहा पितात."

डॉक्टरांनी तिन्ही ओळी खोडल्या.

"आता एकच गोळी. दिवसभर पुरेल अशी. सातला, दत्तूसमोर."

दत्तूनं हे काम कारखान्याचं फर्मान असल्यासारखं घेतलं. "उखाभाऊ, आधी गोळी, मग माग," म्हणून तो वाटेत उभा राही. सहा आठवड्यांनी त्यानं रिकामी पाकिटं सरलाबाईंच्या हाती दिली, प्रसाद द्यावा तशी.

त्या शनिवारी उखानं पहिला घास तोंडात घातला आणि थांबला.

"भाजी अळणी शे वं!" तो खेकसला. "ध्यान कुठं शे तुनं?"

आठ महिने दर शनिवारी सरलाबाई मुद्दाम अळणीच भाजी करत होत्या, तो कधी ओरडतो ते बघायला. त्यांनी पदराआड ठेवलेली मिठाची वाटी पुढे सरकवली.