यंदाच्या पिल्लाची पिसं

"पिसांच्या देठांची टोकं कुणी कापली?" एफीनं विचारलं.

टॉर्मॉड दारात बुटांचा चिखल झटकत होता. त्याच्या कुत्रीनं तोवर शेगडीपुढची जागा धरलीसुद्धा.

"मीच कापली. म्हटलं, तेवढंच तुझं काम वाचेल."

"चाळीस वर्षांत माझं काम वाचवायची बुद्धी तुला कधी झाली नाही. आजच कशी झाली?"

"घ्या! उपकार करावा तर ही बाई उलटतपासणी घेते. आधी चहा टाक, मग फासावर चढव."

एफीनं चहा टाकला, पण तिची नजर टेबलावरच्या तीन पिसांवरून हलली नाही. सोनेरी गरुडाच्या शेपटीची पिसं होती ती. बुडाशी पांढरीशुभ्र, शेंड्याला गडद तपकिरी, प्रत्येक हातभर लांब. असली तीन पिसं तिनं गेल्या दोन महिन्यांत कड्याखालचा दगडन् दगड उलटून शोधली होती आणि तिला मिळालं होतं एक मोडकं.

गरज तशीच होती. खोऱ्यातल्या कुळाचा म्हातारा प्रमुख वसंतात गेला. त्याची टोपी शवपेटीवर ठेवली होती, ती तशीच त्याच्याबरोबर मातीत गेली. आता ऑक्टोबरच्या मेळाव्यात त्याची मुलगी इशबेल प्रमुखपद घेणार होती. प्रमुखाच्या टोपीला गरुडाची तीन पिसं लागतात. दोन लावली तर ती धाकट्या शाखेच्या म्होरक्याची टोपी होते, आणि एकाला तर कुणी विचारत नाही. इशबेलच्या आजोबांची टोपी एफीच्या सासूनं केली होती, वडलांची एफीनं. हिचीही एफीच्याच हातची व्हायची, असं अख्खं खोरं धरून चालत होतं. टोपी तयारही होती. पुढच्या चांदीच्या बिल्ल्यामागे तीन बारीक नळ्या होत्या, त्या तेवढ्या रिकाम्या होत्या.

एफीचं काम पाखरांचं. काळ्या रानकोंबड्याच्या शेपटीचे तुरे, पुरुषांच्या चुणीदार घागऱ्याला लावायच्या पंज्यांच्या पिना, फेझंटच्या किंवा बदकाच्या कातड्याच्या कमरेच्या थैल्या. पाखरू मात्र आपल्या मरणानं मेलेलं हवं. कुणी गाडीखाली आलेलं आणायचं, कुणी थंडीनं गारठलेलं. आणणाऱ्यापुढे ती आधी पेन ठेवी. पाखरू कुठलं, कुठे सापडलं, कधी, कशानं मेलं, हे त्यानं स्वतःच्या हातानं चिठ्ठीवर लिहायचं आणि खाली नाव घालायचं. सरकारी तपासणीला अशा नोंदी लागत, पण एफीचा नियम सरकारच्याही आधीचा. चर्चच्या खिडकीवर आपटलेलं घुबड घेऊन पाद्रीबाबा आले, तेव्हा त्यांच्याही हातात तिनं पेन दिलं होतं.

ती ताकही फुंकून पिणाऱ्यांतली. तिच्या टेबलापुढच्या खिडकीतून रस्त्याचा फाटा दिसे. डावीकडे गाव आणि पोलिसचौकी, उजवीकडे डोंगर. कोण कुठे वळलं, किती वाजता वळलं, हे विचारायचं तर एफीला. टपालवाली पेगी म्हणायची, "एफी स्वर्गात गेली ना, तर दारावरच्या संतालाच ओळखपत्र मागेल."

"चिठ्ठी लिही," एफीनं कप पुढे करत म्हटलं.

"तूच लिही आज. माझे हात ग्रीसनं माखलेत."

एफीनं त्याचे हात पाहिले. नुकते धुतलेले होते, नखांशी साबण वाळला होता. कुठंतरी पाणी मुरत होतं.

"बरं, सांग. कुठे सापडली?"

"कड्याखाली. एक दोन वर्षांमागं, एक गेल्या वर्षी, एक आत्ता. जपून ठेवली होती मी."

"आणि मी दोन महिने तिथं गुडघे फोडून घेत होते, तेव्हा तुला आठवलं नाही?"

"विसरलो होतो गं. माणूस विसरत नाही का?"

एफीच्या मनात आधी शेजारच्या खोऱ्यातला, इस्टेटीची शिकारीची पाखरं सांभाळणारा शिकाररखवाला आला. त्या माणसावर तिचा कधीच विश्वास नव्हता, त्याच्या मिशांवरसुद्धा नव्हता. कायदा मोडून त्यानंच गरुड मारला असेल आणि हे ध्यान त्याच्याकडून पिसं घेऊन आलं असेल. टॉर्मॉड तिचा पाठचा भाऊ, इथल्या इस्टेटीवर तीस वर्षं शिकाररखवाला. भोळा नव्हता, पण भिडस्त होता.

"त्या पलीकडच्यानं दिली का तुला?"

"त्यानं? तो मला सर्दीसुद्धा देणार नाही." टॉर्मॉड हसला. ते हसू फार लवकर संपलं.

एफीनं चष्मा चढवला. पिसं उचलून खिडकीशी गेली. आपोआप गळेपर्यंत वाऱ्यापावसात फिरलेलं पीस शेंड्याला झिजतं, कडा विसकटतात. या तिन्हींचे शेंडे कोरे होते. मग तिनं एकेक पीस उजेडावर धरलं आणि तिचा हात थांबला.

पिसावर आडवी एक फिकट रेघ होती. केसाएवढी बारीक, मागचा उजेड आरपार दिसेल अशी. पीस वाढत असताना पाखरू उपाशी राहिलं, तर त्या दिवसांची अशी रेघ पिसात राहून जाते. दुसऱ्या पिसावरही ती होती. तिसऱ्यावरही.

तिनं तिन्ही पिसं टेबलावर शेजारी शेजारी मांडली. रेघा एकमेकींना मिळाल्या. पट्टी लावून एकदाच ओढल्यासारखी एक सलग रेघ झाली. तिन्ही पिसं एकाच पाखराची होती, एकाच वेळी वाढलेली.

"जूनमधले नऊ दिवस," ती म्हणाली.

टॉर्मॉडला आठवण करून द्यायची गरज नव्हती. नऊ दिवस पाऊस आणि धुकं हललं नव्हतं. कड्यावरच्या घरट्यात दोन पिल्लं होती आणि मोठ्या गरुडांना शिकार मिळत नव्हती. एफी रोज नवऱ्याची जुनी दुर्बीण घेऊन ओल्या गवतात पडून राही. धाकटं पिल्लू सहाव्या दिवशी गेलं. दहाव्या दिवशी ऊन पडलं आणि थोरल्यानं मान वर काढली, तेव्हा तिच्या शेजारी टॉर्मॉडच होता. "जगलं गं एक!" असं तोच ओरडला होता आणि डोळे पुसायला त्यानं तिचाच रुमाल घेतला होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. एफी पलीकडच्या खोऱ्यात चोर शोधत होती.

"शेपटी पहिल्या वर्षी झडत नाही, टॉर्मॉड. ते पिल्लू कुठाय?"

टॉर्मॉडनं हातातला कप खाली ठेवला.

"कोल्ह्यासाठी ठेवलं होतं," तो म्हणाला. "मेलेल्या सशात विष घालून. इस्टेटीचा कारभारी रोज बोंबलत होता, तितर वाढत नाहीत, तितर वाढत नाहीत. सकाळी गेलो तर हे पडलेलं. पंजे आवळलेले होते, एफी. सोडवता येईनात."

"आणि तू शेपटी उपटलीस. उपटलेलं कळू नये, म्हणून देठं कापलीस."

"पुरलं मी त्याला. नीट पुरलं. आधी म्हटलं, सगळंच पुरावं. मग तू डोळ्यापुढं आलीस, त्या दगडांत रांगताना. या वयात. म्हटलं, मेलंय ते मेलंय, निदान तुझी टोपी तरी होईल."

एफीला वाटलं, याच्या थोबाडीत द्यावी. आणि त्याच क्षणी, हा आठ वर्षांचा असताना घ्यायची तसं याला जवळ घ्यावं, असंही वाटलं. दोन्ही तिनं केलं नाही. तिनं कोरी चिठ्ठी त्याच्यापुढे सरकवली आणि वर पेन ठेवलं.

"घर जाईल माझं," तो हळूच म्हणाला. "नोकरीचं घर आहे ते."

"माहितीय."

"तू नुसती गप्प बसलीस, तर कुणाला कळणारही नाही. आख्ख्या खोऱ्यात ही रेघ वाचणारी तू एकटीच."

"म्हणून तर," एफी म्हणाली. "इशबेल तीनशे माणसांपुढे उभी राहील, आणि मला तिच्या डोक्यावर ते नऊ दिवस दिसतील. मी उद्या जाऊन तिला सांगेन, यंदा नळ्या रिकाम्या राहतील. का, ते तुझ्या चिठ्ठीवर वाचेल ती."

टॉर्मॉडनं पेन उचललं. त्याचं अक्षर कधीच चांगलं नव्हतं. 'सोनेरी गरुड. यंदाचं पिल्लू. कड्याखालचा ओढा, सतरा सप्टेंबर. विषानं. विष मी ठेवलं.' खाली पूर्ण नाव, वडलांच्या नावासकट.

एफीनं पिसं एकत्र केली, चिठ्ठीला दोरा ओवला. "बोट धर," ती म्हणाली. लहानपणी ती त्याच्या बुटांची नाडी बांधायची, तेव्हा धरायचा तसं त्यानं गाठीवर बोट धरलं. तिनं गाठ आवळली.

"चौकीत कोण असेल आत्ता?" त्यानं विचारलं.

"चारपर्यंत असतात."

तो उठला. कुत्री उठली, तसा तिला म्हणाला, "तू बस." मग एफीकडे न बघता म्हणाला, "हिला ठेवशील का थोडे दिवस?"

"पाखरांना तोंड लावलं तर हाकलून देईन."

"तिला नाही सवय तसली. मलाच आहे."

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. एफी खिडकीशीच उभी होती. फाटा समोर स्पष्ट दिसत होता, डावीकडे गाव, उजवीकडे डोंगर. गाडी उतारावरून हळूहळू फाट्याकडे निघाली होती. वळायला अजून अर्धं मिनिट होतं.

एफीनं चष्मा काढून टेबलावर, टोपीच्या शेजारी ठेवला. खिडकीकडे पाठ केली, कपाटातून धुतलेली चादर काढली आणि मागच्या खोलीतला जादाचा पलंग झाडायला गेली. कुत्री तिच्या मागोमाग गेली.