सतराव्या संदर्भातली दिवसपाळी

मृणालीच्या लघुप्रबंधात एकूण एकेचाळीस संदर्भ होते, आणि मुंबईहून आलेल्या परीक्षकांनी बोट ठेवलं ते नेमकं सतराव्यावर. तिथे समासात त्यांनी लाल शाईने 'बनावट?' असं लिहिलं होतं. टेबलाच्या पलीकडून उलटं दिसत असलं तरी तिला ते अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

भिवंडीच्या एका कॉलेजात एम.ए. अर्थशास्त्राची तोंडी परीक्षा चालू होती. साल दोन हजार सहा. संदर्भ म्हणजे लेखक, पुस्तक आणि पान, एवढंच ठाऊक असलेल्या त्या विभागात इंटरनेटवरचे संदर्भ देणारी मृणाली पहिलीच. तेही हौसेने नव्हे, गरजेने. शहरातल्या निजामपुऱ्यात तिने अभ्यासाला निवडलेल्या गल्ल्यांत किती यंत्रमाग बंद पडले, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते होतं मागमालकांच्या एका संघटनेच्या वेबसाइटवर. तिच्या मार्गदर्शक मदीहा मॅडम म्हणाल्या होत्या, "वेबसाइट आज आहे, उद्या नाही. पत्ता लिही, आणि कधी पाहिलीस तेही लिही."

परीक्षकांनी चष्मा नाकावर चढवला. "तुम्ही लिहिता, बंद माग चारशे बारा. पाहिल्याची तारीख चौदा मार्च. मी काल हेच पान छापून आणलं, तर इथे चारशे सदतीस आहेत. आणि खाली स्पष्ट लिहिलंय, शेवटचा बदल चौदा मार्च. म्हणजे त्यानंतर पानाला कुणी हात लावलेला नाही. मग तुमचे चारशे बारा आले कुठून?"

मदीहा मॅडमचा चेहरा उतरला. आकडा खोटा ठरला तर लघुप्रबंध परत, वर्ष पाण्यात, आणि खोटेपणाचा शिक्का जन्मभराचा. दापोड्यासारख्या खेड्यातून येणाऱ्या मुलीने घरी बसून आकडे पाडले, ही बातमी कॉलेजभर व्हायला संध्याकाळसुद्धा लागली नसती.

"आणि हे काय?" परीक्षक हसले. "तारखेपुढे 'दिवसपाळी'? हा संदर्भ आहे की कारखान्याची हजेरी?"

शेजारी बसलेले दोघे प्राध्यापकही हसले. हसणाऱ्याचं काय जातं? पण त्या हसण्याने मृणालीची भीती पळाली. तिला चक्क राग आला, कारण तो शब्द तिच्या बापाचा होता.

तिचे वडील हिरामण एका कारखान्यात ताके तपासायचं काम करत. मागावरून उतरलेल्या कापडाच्या प्रत्येक ताक्यावर माग नंबर, तारीख आणि पाळी लिहिलेली असे. तारीख असताना पाळी कशाला, असं तिने लहानपणी विचारलं होतं. ते म्हणाले होते, "एका तारखेला मागाव दोन मानसा बसतान. सकालचा येगला, रातचा येगला. पाली लिवली न्हाय, तं डाग एकाचा आन बोलनी दुसऱ्याला."

त्यामुळे मॅडमनी 'कधी पाहिलीस ते लिही' म्हणताच मृणालीने वेबसाइटच्या नऊच्या नऊ संदर्भांत तारीख लिहिली आणि पुढे पाळी. चूक म्हणाल तर चूक. संदर्भ देण्याच्या कुठल्याच नियमात ती बसत नव्हती, आणि मॅडमच्या नजरेतूनही ती सुटली होती.

"हजेरीच आहे, सर," ती म्हणाली. "चौदा मार्चला मी ते पान सकाळी पाहिलं, दिवसपाळीला. पान कुठल्या पाळीत बदललं, ते तुमच्याच कागदावर असेल. तारखेच्या पुढे वाचा."

परीक्षकांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तारखेपुढे बारीक अक्षरांत वेळ छापलेली होती, रात्री नऊ चाळीस.

मृणालीने पिशवीतून फाइल काढली आणि सायबर कॅफेत छापून घेतलेला आपला कागद त्यांच्या कागदाशेजारी ठेवला. तेच पान, चारशे बारा माग, आणि तळाशी आपोआप उमटलेली तारीख-वेळ. चौदा मार्च, सकाळी अकरा वाजून पाच.

"रात्रपाळीला संघटनेने नवा आकडा टाकला," ती म्हणाली. "मी त्याच्या आधी पाहिलं. नुसती तारीख लिहून सोडली असती, तर आज मी खोटी पडले असते."

आता कुणी हसलं नाही. मदीहा मॅडमनी समोरचा पाण्याचा ग्लास एका दमात संपवला.

परीक्षक कडक होते, पण मनाचे कोते नव्हते. "माझं चुकलं," ते सर्वांसमोर म्हणाले. मग मदीहा मॅडमकडे वळले. "संदर्भ कसे द्यायचे याचा कागद तुम्ही मुलांना देता ना? त्यात पाहिल्याची वेळही घाला. मीही माझ्या विभागात घालतो."

मृणालीला अगदी उठून नाचावंसं वाटलं. ती खुर्ची घट्ट धरून बसली.

परीक्षकांनी लाल पेन उघडलं, 'बनावट?' या शब्दावर आडवी रेघ मारली, शेजारी सही केली आणि खाली तारीख टाकली.

"सर," मृणाली म्हणाली, "वेळपण टाका."

मॅडमनी डोळे मोठे केले. परीक्षकांनी मात्र मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि तारखेपुढे ठळक अक्षरांत लिहिलं, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं.