आठवा पूल उद्या

ओहोटीला होडी काठाला लागत नाही. शेवटची वीस पावलं गाळातून चालावी लागतात.

नातेवाइकांना भेटायची वेळ, चार ते सहा.

तळेऱ्याला एसटी बदलताना पद्मावतीने पोटाशी धरलेलं गाठोडं कुणाला घेऊ दिलं नाही. आत दोन लुगडी होती. पोट दाबून धरायला काहीतरी हवं होतं.

माड नसले की आकाश फार मोठं होतं.

भात मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन.

*

साल १९५८. गुणाजी आचऱ्याच्या खाडीवर होडी चालवायचा. पद्मावती त्याची बायको. तिच्या पोटात गाठ निघाली. तिचा धाकटा भाऊ, भाई, पुण्यात एका छापखान्यात खिळे जुळवायचा, म्हणून तिला पुण्याला आणून तिथल्या इस्पितळात ठेवलं. होडी पुतण्याच्या, दत्तारामाच्या, ताब्यात. भाई सकाळी कामावर जायचा आणि चार वाजेपर्यंत गुणाजीला पुण्यात काही काम नव्हतं. नदी दिसली, म्हणून तो नदीकाठाने चालत सुटला.

रोज एक पूल पाहायचा. चार वाजता खाटेशी बसून तो तिला सांगायचा.

*

लाभ.

"नाव लकडी पूल. अख्ख्या पुलात लाकडाची काडी नाय."

"मगे नाव कित्याक?"

"आधी लाकडाचो होतो म्हणे."

"आणि थंय होडयो खंय लागतत?"

"खंयच्यो होडयो! सगळे वरसून चालत जातत. कोण कोणाक हाक मारणा नाय."

"मगे तुमका थंय कुत्रो इचारूचो नाय," पद्मावती म्हणाली आणि हसली. हसताना तिने पोट धरलं.

*

दोन. नवा पूल. बांधून तीस वर्षं होऊन गेली तरी नवाच.

"तुमच्या आवशीक मी वीस वर्सां नवी व्हकलच होतंय," ती म्हणाली. "तसो तो."

शेजारच्या खाटेवर साताऱ्याकडची एक म्हातारी होती. तिने विचारलं, "व्हकल म्हंजी काय गं?"

"नवरी."

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. तेव्हापासून पूल ऐकायला तीही कुशीवर वळू लागली.

*

तीन. दगडी पूल. बुटका. पावसाळ्यात पाण्याखाली जातो.

"म्हणजे आपल्या होडयेसारखोच. पावसात बंद."

*

चार आणि पाच संगमावर. एक आगगाडीचा, एक माणसांचा. गुणाजी तिथे दुपारभर उभा होता. दोन नद्या एकमेकींत मिसळतात आणि पाण्याला भरती नाही, ओहोटी नाही. जे जातं ते जातंच, संध्याकाळी परत येत नाही. हे तिला कसं सांगावं ते त्याला कळेना. मग त्याने आगगाडीचे डबे किती होते ते सांगितलं.

*

सहा.

सहावा पूल सांगायचा राहिला. त्या दिवशी तिचं पोट कापलं.

*

सात. होळकर पूल. तीन दिवसांनी सांगितला. ती डोळे मिटूनच ऐकत होती. मध्येच म्हणाली, "हळू सांगा. घाई नाय."

*

डॉक्टर भाईशी बोलले. भाई जिन्यावर येऊन गुणाजीला म्हणाला, "बघूया म्हणतत." आणि चष्मा पुसत राहिला. चष्मा स्वच्छ होता.

गुणाजीने विचारलं, "पूल किती रवले, भाई?"

"काय?"

"नदयेवरचे. माका चालत जावक येयत असे."

"एकच. बंड गार्डनचो."

*

खळ्यात रास मापताना ती संपवायची नाही. तळाला ओंजळभर भात राखायचं, मग ते तसंच गोळा करून कणगीत घालायचं, न मोजता. तळ उघडा पडला तर घर रिकामं होतं. गुणाजीच्या घरी पद्मावतीच हे बघायची. कुणी तळाला माप लावलं तर हातावर चापट मारायची.

दुसऱ्या दिवशी गुणाजी बंड गार्डनकडे गेला नाही. पुन्हा लकडी पुलावर गेला. दुसऱ्या काठाने.

*

"ह्यो पूल माका सांगून झालो," पद्मावती म्हणाली.

"पलीकडसून येगळो दिसता."

त्याच्या दुसऱ्या दिवशी नवा पूल. मग पुन्हा दगडी. मग त्याने एक पूल मनानेच बांधला, त्याला कमानी दिल्या, खाली म्हशी बसवल्या. म्हातारीला तो फार आवडला.

पद्मावतीला नाही. तिचा आवाज आता शेजारच्या खाटेपर्यंतही जात नव्हता. गुणाजीने कान जवळ नेला.

"तुमी तळ राखतास."

त्याने तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

"मी काय भाताची रास आसंय?"

"तसा नाय गो."

"मगे कसा? मी आजारी आसंय, खुळी नाय. भाईन सांगल्यान माका, एक पूल रवलो म्हणान. माका तो व्हयो. उद्या जावन येवा. कमानी मोजून येवा. अंदाजान सांगू नकात."

"परवा जातंय."

"उद्या."

*

तो उद्या.

दुपारी निघाला. वाटेत दोनदा थांबला, दोनदा मागे वळला, पुन्हा पुढे गेला.

पूल लांबलचक होता, काळ्या दगडाचा. टोकाला दगडी सिंह, पायाखाली दगडी गोळा धरून बसलेले. शेजारी बंडावरून, नदीत आडव्या घातलेल्या बांधावरून, पाणी सगळ्या रुंदीने एकसारखं खाली पडत होतं, वल्ह्यावरून पडतं तसं. गुणाजी खाली उतरला. कमानीखाली उन्हाची जाळी हलत होती, पाण्यातून वर दगडावर पडलेली. त्याने हात लावला. दगड थंड होता आणि उजेड हातावर हलत राहिला. अर्धं आयुष्य पाण्यावर काढून असा उजेड त्याने पाहिला नव्हता, कारण खाडीवर पाण्याच्या वर काहीच नसतं. कमानी मोजल्या. चुकल्या. पुन्हा मोजल्या. मग मोजणं सोडून नुसता बसला.

एकोणीस दिवसांत हा एकच पूल त्याने स्वतःसाठी पाहिला. तेवढा वेळ पद्मावती त्याच्या मनात नव्हती. हे त्याने पुढे कुणालाही सांगितलं नाही. भाईलाही नाही.

कुणाला तरी वेळ विचारली. साडेचार.

*

तो पोचला तेव्हा सव्वापाच झाले होते. खाटेभोवती पडदा लावला होता. भाई पडद्याबाहेर उभा होता, शाईचे हात तसेच.

म्हातारी उठून बसली. "चारपासनं दाराकडं बघत हुती," ती म्हणाली. "मग म्हनली, पूल लांब दिसतोय."

गुणाजीने टोपी काढली. हातात धरली.

"कसा हुता?" म्हातारीने हळूच विचारलं.

"बरो होतो," तो म्हणाला.

*

लग्नाआधी, १९३६ साली, पद्मावती एकदा गुणाजीच्या होडीतून खाडीपलीकडे गेली होती. एरवी दहा मिनिटांच्या त्या खेपेला त्याने पाऊण तास लावला.